डिगलीपूरला कासवं, पक्षी आणि सॅडल पीक: काय आधी करायचं, काय नंतर, आणि लोक कुठे गडबडतात

अंदमानची आपली ठरलेली ट्रिप म्हणजे सेल्युलर जेल, हॅवलॉक, नील आणि परत. हल्ली ट्रेकवाले आणि पक्षीवाले लोक तिच्याच शेवटी दोन दिवस डिगलीपूर जोडतात आणि परत आल्यावर सांगतात की काही दिसलंच नाही, नुसता बसचा प्रवास झाला. दिसणार कसं? डिगलीपूर नॉर्थ अंदमानात आहे, पोर्ट ब्लेअरपासून रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या आसपास, जायला एक अख्खा दिवस आणि यायला एक, झाले की दोन दिवस.

दुसरं म्हणजे, इथे ठिकाणांची यादी करून काही होत नाही, वेळा जुळवायला लागतात. सूर्य लवकर मावळतो, कासव रात्री येतं, रॉस-स्मिथ या जोडबेटांमधली वाळूची पट्टी ओहोटीलाच नीट उघडी पडते आणि जाण्यायेण्याच्या रस्त्यावर गाड्या ठरावीक वेळेलाच सोडतात. तुम्ही पोचलात म्हणून यातलं काही थांबत नाही. त्यामुळे खालचे टप्पे मागेपुढे करू नका, विशेषतः पहिला.

## १. तारखा ठरवा, तिकिटं नंतर

सीझन. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते मार्च. मे महिन्यात इथे पाऊस आपल्या आधी येतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला परतीचा मोसमी वारा पुन्हा पाऊस आणतो, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत जंगल-ट्रेक ठरवणं म्हणजे जुगार आहे. पाणी आणि जळवा दोन्ही भरपूर. एप्रिलला पाऊस नसतो पण उकाड्याने जीव जातो.

कासवांचं गणित थोडं वेगळं. अंडी घालायला आलेली मोठी मादी बघायची असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी. पिल्लं बघायची असतील तर फेब्रुवारी-मार्च, कारण ऑलिव्ह रिडले या जातीच्या कासवाची अंडी फुटायला साधारण पन्नास दिवस लागतात. दोन्हींची शक्यता एकाच ट्रिपमध्ये हवी असेल तर फेब्रुवारी, विषय संपला.

सूर्य. हे जवळजवळ सगळे विसरतात. घड्याळ आपलंच आहे पण अंदमान मुंबईच्या वीस रेखांश पूर्वेला आहे, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत तिथे पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो आणि जंगलात त्याच्या अर्धा तास आधीच अंधारायला लागतं. बदल्यात सकाळी सव्वापाचला उजाडायला लागलेलं असतं. म्हणजे "नाश्ता करून नऊला निघू, पाच-सहापर्यंत येऊ" हा आपला सह्याद्रीचा हिशोब तिथे लावलात तर शेवटचा तास टॉर्चवर काढाल. सगळं दोन तास अलीकडे सरकवा. साडेचारला उठायचं, आठला झोपायचं.

भरती-ओहोटी. कोकणातली मंडळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तो हिशोब इथे वापरू नका, प्रत्येक बंदराची वेळ वेगळी असते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरतीच्या तक्त्यात पोर्ट ब्लेअरच्या वेळा मिळतात, नाहीतर कुठल्याही टाइड ॲपवर बघा. तुमच्या तारखांना दिवसाउजेडी ओहोटी किती वाजता आहे ते कागदावर लिहून घ्या. रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणजे एका दिवसाची वेळ कळली की बाकीच्या अंदाजाने निघतात.

> तपासा: तारखांसमोर तीन गोष्टी लिहिलेल्या आहेत ना? सूर्यास्त, दिवसाची ओहोटी, रात्रीची भरती. नसतील तर विमानाचं तिकीट काढू नका अजून.

किती दिवस. पोर्ट ब्लेअरला उतरून एक रात्र, एक दिवस जाण्याचा, डिगलीपूरला पूर्ण चार दिवस, एक दिवस परतीचा, पोर्ट ब्लेअरला पुन्हा एक रात्र, मग विमान. यातला डिगलीपूरचा एक दिवस मुद्दाम मोकळा ठेवायचाय, तो "वाया" जात नाही, समुद्र खवळला किंवा ट्रेकला पाऊस लागला की तोच कामाला येतो. एवढे दिवस नसतील तर सरळ डिगलीपूर रद्द करा आणि पोर्ट ब्लेअरजवळच्या चिडियाटापूला पक्षी बघा. राग येईल, पण अर्धवट जाण्यापेक्षा ते बरं.

## २. बुकिंग आणि कागद

पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालंय, हॅवलॉक-नील २०१८ पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप आहेत. तिकिटांवर कधी जुनं नाव दिसतं कधी नवं, घाबरू नका.

घोटाळा होतो तो रॉसवरून. रॉस नावाची दोन बेटं आहेत. एक पोर्ट ब्लेअरसमोरचं, ब्रिटिशांचे पडके बंगले आणि हरणं असलेलं, ज्याचं नाव आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे. दुसरं डिगलीपूरचं, स्मिथ बेटाला वाळूच्या पट्टीने जोडलेलं. एजंटला नुसतं "रॉस करायचंय" म्हटलं की तो पहिल्याचं बुकिंग टाकतो, त्याची चूक नाही. "डिगलीपूरचं रॉस-स्मिथ, एरियल बे जेटीवरून" असं पूर्ण बोला.

राहायचं डिगलीपूर बाजारात नाही, कालीपूरला. बाजारापासून पंधरा-वीस किलोमीटर पुढे आहे. कासवांचा किनारा तिथेच, सॅडल पीक या डोंगराच्या ट्रेकची सुरुवात तिथून जवळ, आणि एरियल बे जेटी मधल्या रस्त्यावर. बाजारात हॉटेल स्वस्त मिळतं खरं, पण रात्री कासवासाठी आणि पहाटे ट्रेकसाठी रिक्षा कुठून आणणार? कालीपूरला खोल्या मोजक्याच आहेत, सरकारी गेस्ट हाऊस आणि दोन-चार खासगी जागा, त्यामुळे विमानाच्या आधी खोली पक्की करा. फोनवर बोला, मेलची उत्तरं येतीलच असं नाही.

कागदांचं भारतीय माणसाला फार काही नाही. आधार किंवा दुसरं सरकारी ओळखपत्र मूळ प्रत, वर तीन-चार झेरॉक्स, कारण रस्त्याच्या चेकपोस्टला, जेटीला, फॉरेस्टच्या चौकीवर सगळीकडे नावं लिहून द्यावी लागतात. अमेरिका-दुबईहून येणारे भाऊ-बहीण सोबत असतील आणि पासपोर्ट परदेशी असेल तर, ओसीआय कार्ड असलं तरी, त्यांच्या परवान्याची चौकशी वेगळी आणि आधी करा, विमानतळावर नाही. आणि निकोबार पर्यटकांना खुलं नाहीये, तिकडचं कोणी पॅकेज विकत असेल तर फोन ठेवा.

पैसे रोख. एटीएम डिगलीपूर बाजारात आहेत, पण त्यात पैसे असतीलच असं नाही. चेन्नईहून समुद्राखालची केबल २०२० साली आली तेव्हापासून पोर्ट ब्लेअरचं इंटरनेट सुधारलं, कालीपूरला मात्र रेंज येते-जाते, यूपीआयच्या भरवशावर डुंगीवाल्याशी भाव करू नका. डुंगी म्हणजे तिथली छोटी मोटरबोट. नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवा, घरच्यांना सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागला नाही तर पोलिसात जाऊ नका.

## ३. बॅग भरताना

ट्रेकचं नेहमीचं सामान तुम्हाला माहितीये, ते परत सांगत नाही. इथे वेगळं काय लागतं तेवढंच:

- लाल उजेडाचा हेडटॉर्च. नसेल तर साध्या टॉर्चला लाल जिलेटिनचे दोन-तीन थर रबराने बांधा. कासवाच्या किनाऱ्यावर पांढरा उजेड चालत नाही.
- गुडघ्यापर्यंत घट्ट मोजे आणि एक चिमूट मीठ किंवा तंबाखूची पुडी, जळवांसाठी. जानेवारी-फेब्रुवारीत कमी असतात पण आदल्या रात्री सर आली की हजर.
- खोबरेल. किनाऱ्यावरच्या वाळूमाश्या दिसत नाहीत, चावतात तेव्हा कळतही नाही, दुसऱ्या दिवशी पाय खाजून खाजून लाल होतात. पायांना जाडसर खोबरेल चोपडलं तर बराच फरक पडतो.
- ओआरएस, दिवसाला दोन पाकिटं धरून. घाम सुकतच नाही तिथे.
- उलटीची गोळी. रस्ता वळणावळणाचा आहे आणि बस पहाटे उपाशीपोटी सुटते.
- ड्राय बॅग किंवा जाड प्लास्टिकच्या पिशव्या, कॅमेरा आणि कागदांसाठी. डुंगीत पाणी उडतंच.
- नेहमीची औषधं पूर्ण दिवसांची अधिक चार दिवसांची.

ड्रोन घरी ठेवा. परवानगीशिवाय उडवता येत नाही आणि मिळण्याच्या खटपटीत सुट्टी संपेल.

> इशारा: डिगलीपूर भाग लेप्टोस्पायरोसिससाठी कुप्रसिद्ध आहे, पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त. पायाला जखम असेल तर भातखाचरातून, साचलेल्या पाण्यातून चप्पल घालून चालू नका. परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना "अंदमानला होतो" हे पहिल्या वाक्यात सांगा.

## ४. पोर्ट ब्लेअर ते डिगलीपूर

अंदमान ट्रंक रोडचा मधला भाग जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. जिरकाटांगच्या चेकपोस्टला सगळ्या गाड्या थांबवतात आणि दिवसातून ठरलेल्या वेळी, पुढे-मागे पोलीस ठेवून, एकत्र सोडतात. याला तिथे सगळे कॉन्व्हॉय म्हणतात. पहिला सकाळी सहाच्या सुमाराला. तुम्हाला पहिलाच पकडायचाय, म्हणजे पोर्ट ब्लेअरहून पहाटे चारला निघायचं. दुसरा धरला तर डिगलीपूरला पोचेपर्यंत मिट्ट काळोख आणि पुढे कालीपूरला जायला वाहन नाही.

म्हणूनच दुपारचं विमान आणि त्याच संध्याकाळी डिगलीपूर हे जमतच नाही, कितीही जण सांगोत.

क्रम असा:

१. सरकारी बस किंवा खासगी बसचं तिकीट आदल्या दिवशी काढून ठेवा. पुढच्या सीटा मागा, मागे बसलात तर उलटीची गोळीही हरेल.
२. रात्री बॅगेतून ओळखपत्र, पाणी, खाऊ, जर्किन काढून हातातल्या पिशवीत घ्या. मोठी बॅग टपावर किंवा डिकीत जाते.
३. जिरकाटांगला फॉर्म आणि नोंद. गाडीने जात असाल तर ड्रायव्हर करतो, तुम्ही फक्त ओळखपत्र द्या. चहा-वडा इथेच उरकून घ्या, बाथरूमही.
४. राखीव क्षेत्रात गाडी थांबत नाही, ओव्हरटेक नाही, काचा वर.
५. मिडल स्ट्रेटला उतरून फेरीने खाडी ओलांडायची, बसही त्याच फेरीवर चढते. तुमची बस कुठली ते नंबरसकट लक्षात ठेवा, पलीकडे सारख्या दिसणाऱ्या चार उभ्या असतात.
६. पुढे बाराटांग, रंगत, मायाबंदर, मग डिगलीपूर. बारा तास धरून चाला.

> थांबा, हे महत्त्वाचं: रस्त्यात जारवा दिसले तर फोटो नाही, व्हिडिओ नाही, खाऊ देणं नाही, हात हलवून बोलावणं नाही. १९५६ च्या आदिवासी संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्यात कैद होते. "बघायला मिळाले का?" असं विचारणारे नातेवाईक असतील घरी, त्यांना तिथल्या तिथे गप्प करा. ती माणसं आहेत, सफारी नाही.

एका दमात नको असेल तर रंगतला एक मुक्काम करा. धानीनाल्याची कांदळवनातून जाणारी लाकडी वाट छान आहे आणि कथबर्ट बेलाही कासवं येतात, म्हणजे कालीपूरला नाही दिसली तर परतीत आणखी एक संधी.

## ५. पहिला पूर्ण दिवस: सकाळी पक्षी, रात्री कासव

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रेक ठेवू नका. अंग बसने खिळखिळं झालेलं असतं आणि दमट हवेची सवय नसते. हा दिवस सपाटीवर काढा.

सकाळ. पाचला रस्त्यावर. कालीपूरच्या आजूबाजूच्या वाड्या, सुपारी-नारळाच्या बागा आणि जंगलाची कड, एवढ्यात सकाळी आठपर्यंत बरंच काही दिसतं. जगात फक्त अंदमानात (काही निकोबारातही) सापडणारे पक्षी इथे रस्त्याकडेला असतात: काळाकुट्ट आणि लाल तुऱ्याचा अंदमान सुतार, अंदमान कोतवाल, अंदमान टकाचोर, अंदमान भारद्वाज, जो आपल्या भारद्वाजासारखा काळा नसून मळकट बदामी आहे, आणि वर घिरट्या घालणारा अंदमान सर्पगरुड. किनाऱ्याला पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड. आठनंतर उकाडा वाढला की सगळं चिडीचूप.

पक्षीवाल्यांची नेहमीची चूक म्हणजे मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणे. बेटावर या पक्ष्यांची संख्या मर्यादित, जोड्या आपली हद्द राखून असतात, सीझनमध्ये रोज वीस जण तेच वाजवणार, मग तो बिचारा पिल्लांना भरवणार कधी? उभं राहा, ऐका, येतो तो आपोआप.

नारकोंडमचा धनेश इथे शोधू नका. तो फक्त नारकोंडम बेटावर आहे आणि तिथे पर्यटकांना नेत नाहीत. ड्युगाँग (समुद्रगाय) हा अंदमानचा राज्यप्राणी, तोही दिसेल म्हणून समुद्राकडे बघत बसू नका.

दुपारी खोलीवर झोपा, खरंच झोपा. त्याआधी खोलीच्या भिंतीवर, केळीच्या पानावर हिरवीगार पाल दिसते का बघा. पोपटी अंग, पाठीवर लाल ठिपके, आणि आपल्या पालीसारखी रात्री नाही तर भर उन्हात फिरते. अंदमानची दिवसा फिरणारी ही पाल बघायला लोक दुर्बीण घेऊन जंगलात जातात आणि ती बाथरूमच्या खिडकीत असते.

रात्र. कालीपूरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले, ग्रीन, हॉक्सबिल आणि लेदरबॅक अशा चारही कासवांची नोंद आहे. पण त्याचा अर्थ चारही दिसतील असा नाही. रिडलेची आशा ठेवा, बाकीचं नशीब, लेदरबॅक तर फारच मोठं नशीब. वेळासला कासव महोत्सवाला गेलेल्यांना वाटतं की तसंच टोपली उचलली की पिल्लं, टाळ्या, संपलं. इथे मोठी मादी बघायची असते, ती येईल किंवा येणार नाही.

१. संध्याकाळी उजेड असतानाच फॉरेस्टच्या हॅचरीवर (अंडी सांभाळून ठेवतात ती जागा) जाऊन तिथल्या माणसांना भेटा. रात्रीची गस्त तेच घालतात आणि अंडी हॅचरीत हलवतात. त्यांच्याबरोबरच किनाऱ्यावर जायचं, एकट्याने नाही.
२. गडद कपडे. परफ्यूम, ओडोमॉसचा ढग नको.
३. रात्रीच्या भरतीच्या आगेमागे दोन तास किनाऱ्यावर थांबायची तयारी ठेवा.
४. कासव पाण्यातून वर येताना दिसलं की जिथे आहात तिथे खाली बसा. ती या वेळेला सगळ्यात बुजरी असते, कोणी पुढे आलं की सरळ परत फिरते.
५. ती जागा निवडून वाळू उडवायला लागेल, मग मागच्या वल्ह्यासारख्या पायांनी खड्डा खणेल. खड्डा तोंडाशी अरुंद आणि खाली रुंद, सुरईसारखा, आणि हे ती मागे न बघता करते. एक वल्हं आत जातं, ओंजळभर वाळू हळूच बाहेर ठेवतं, मग दुसरं. वाळू परत आत पडू देत नाही.
६. अंडी पडायला लागली की गार्ड बोलावेल, तेव्हा मागच्या बाजूने जवळ जा. साधारण शंभर अंडी. डोक्यासमोर कोणी उभं राहायचं नाही, लाल टॉर्चही डोळ्यांवर मारायचा नाही.
७. वाळू झाकून झाल्यावर रिडले सगळं अंग डावी-उजवीकडे आपटून वाळू दाबते, थप थप आवाज येतो. मग ती समुद्राकडे निघाली की वाट मोकळी ठेवा.

> इशारा: फ्लॅश बंद केला म्हणजे झालं असं नाही, मोबाईलचा ऑटोफोकसचा दिवा आणि स्क्रीनचा उजेडही तितकाच वाईट. पिल्लं जिकडे जास्त उजेड तिकडे चालतात, तुमच्या स्क्रीनपायी ती समुद्राऐवजी रस्त्याकडे वळतात. फोन खिशात.

काहीच आलं नाही तर पहाटे किनाऱ्यावर चक्कर मारा, खुणा वाचता येतात. रिडलेचा माग एकाआड एक वल्ह्यांचा असतो, डावं पुढे, मग उजवं. ग्रीन आणि लेदरबॅकचा माग दोन्हीकडे जोडीने सारखा, आणि लेदरबॅकचा तर ट्रॅक्टर गेला असं वाटावं इतका रुंद.

## ६. दुसरा दिवस: रॉस-स्मिथ, आणि मगरीची गोष्ट

रात्री जागरण झालंय, त्यामुळे आज उशिरा उठा. पण ओहोटीच्या तक्त्याप्रमाणे निघा, मनाप्रमाणे नाही. वाळूची पट्टी पूर्ण उघडी बघायची तर ओहोटीच्या तास-दीड तास आधी बेटावर असायला हवं. भरतीला ती पाण्याखाली जाते आणि मग लोक म्हणतात फोटोत दिसतं तसं नाहीये.

एरियल बे जेटीवर आधी फॉरेस्टचं परमिट, मग बोटीचं तिकीट, ओळखपत्राची झेरॉक्स इथे लागते. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका आणि त्याची क्लिप लागते का ते जेटीवरच बघा, पाण्यात गेल्यावर नाही. परतीची वेळ डुंगीवाल्याकडून तोंडाने नक्की करून घ्या, बेटावर फोनची आशा ठेवू नका. बेटावर सावली असते पण पट्टीवर नसते, भर दुपारी तिथे तासभर उभं राहून फोटो काढणाऱ्यांची संध्याकाळी डोकी धरलेली असतात. माझं मत विचाराल तर पट्टीपेक्षा कडेचं जंगल आणि उथळ पाण्यातली प्रवाळं जास्त बघण्यासारखी आहेत.

मगरी. खाऱ्या पाण्यातली मगर अंदमानात आहे आणि नॉर्थ अंदमानात चांगलीच आहे, खाड्यांत, कांदळवनात, नाल्यांच्या तोंडाशी, आणि ती समुद्रातूनही लांब पोहत जाते. २०१० मध्ये हॅवलॉकला राधानगर किनाऱ्याजवळ स्नॉर्कलिंग करताना एका परदेशी पर्यटक मुलीचा मगरीने जीव घेतला. त्यामुळे:

- स्थानिक माणूस ज्या ठिकाणी पाण्यात उतरतो तिथेच उतरा. तो उतरत नसेल तर कारण आहे.
- नाला समुद्राला मिळतो तिथे पाय धुणं, मासे साफ करणं, पोरांना खेळायला सोडणं, काही नाही.
- संध्याकाळ ते सकाळ पाण्यात जाऊ नका, गुडघाभर सुद्धा.

रात्री कासव नाही. आठला झोप, उद्या चढायचंय.

## ७. तिसरा दिवस: सॅडल पीक

७३२ मीटर. हा आकडा ऐकून कळसूबाई केलेले लोक हसतात. पण चढ अगदी समुद्रसपाटीपासून सुरू होतो, एका बाजूने साधारण आठ किलोमीटर आहे, आणि वारा नावाची गोष्ट जंगलात नाही. सह्याद्रीत घाम येतो आणि वाळतो, इथे येतो आणि राहतो. दोन लिटर पाण्यावर राजगड करणारा माणूस इथे अकरा वाजता रिकामी बाटली हलवत बसतो.

आदल्या दिवशी: फॉरेस्ट ऑफिसला किंवा चौकीवर जाऊन वाट उघडी आहे का, परवाना कसा, वाटाड्या मिळेल का, हे विचारून या. राष्ट्रीय उद्यान आहे, नोंद केल्याशिवाय आत सोडत नाहीत आणि उशिरा गेलात तरी सोडत नाहीत. वाटाड्या घ्याच. वाट बरीचशी कळते, पण झाड आडवं पडलं की आठ-दहा पायवाटा दिसायला लागतात. लामिया बेपर्यंत, जिथून वाट सुरू होते, सोडायला आणि न्यायला गाडी ठरवा, दोन्ही वेळा सांगून.

क्रम:

१. साडेपाचला चौकीवर, नोंद, सहाच्या आत चालायला सुरुवात. पाणी माणशी किमान तीन लिटर, ओआरएस, जेवण.
२. सुरुवातीचे दोन-तीन किलोमीटर किनाऱ्याकडेने, जवळजवळ सपाट, छोटे नाले, मध्ये मध्ये दगडगोट्यांचा किनारा. लोक इथे वेळ घालवतात कारण सुंदर आहे. फोटो परतीत काढा. ओले गोटे शेवाळलेले असतात, सगळ्यात जास्त पाय इथेच मुरगळतात, वर नाही.
३. चढ सुरू होण्याआधी शेवटचं वाहतं पाणी. वाटाड्याला विचारून बाटल्या काठोकाठ भरा, क्लोरीनची गोळी टाका. पुढे पाण्याची खात्री नाही.
४. मग मुळांच्या पायऱ्या, उभा चढ, दमट अंधार. फांदी धरण्याआधी फांदीकडे बघा. अंदमानचा हिरवा-तपकिरी चापडा (विषारी साप) झुडपात हाताच्या उंचीलाच वेटोळं करून असतो. आपल्याकडचं सर्पविष प्रतिबंधक औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठी बनवलेलं आहे, इथल्या सापांना ते किती लागू पडेल यावर विसंबून राहण्यापेक्षा चावून न घेणं सोपं. बूट काढून बसलात तर घालताना झटका, इथली गोम वीतभर असते.
५. वर जाताना झाडी खुजी होते, खोडांवर शेवाळ वाढतं, ढगात शिरल्यासारखं होतं. कळसावरून स्वच्छ दिसेलच असं नाही, बरेचदा पांढरं. त्याची तयारी ठेवा म्हणजे चिडचिड होत नाही.
६. अकरा वाजता जिथे असाल तिथून परत. साडेअकरा ही शेवटची सूट. कळस दहा मिनिटांवर असला तरी. उतरायला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो आणि चारनंतर झाडीत दिसत नाही.

> तपासा (चढ सुरू होताना): आत्ता साडेसात वाजायच्या आत आहेत का? प्रत्येकाकडे दोन लिटरपेक्षा जास्त पाणी आहे का? कोणाला मळमळ, डोकं दुखणं? एकाही प्रश्नाला गडबड असेल तर त्या माणसाला दुसऱ्या कोणाबरोबर इथूनच किनाऱ्याने परत पाठवा, एकटं नाही.

इथे बिबट्या-वाघ नाहीत, एवढी एक गोष्ट सह्याद्रीपेक्षा सोपी. रानडुक्कर दिसलं तर वाट सोडून उभं राहा, जातं.

काही झालंच तर डिगलीपूरला प्राथमिक उपचार होतात, जिल्ह्याचं हॉस्पिटल मायाबंदरला आणि मोठं पोर्ट ब्लेअरला जी. बी. पंत. म्हणजे फ्रॅक्चरसाठी सुद्धा कित्येक तास. हे डोक्यात ठेवून उड्या मारा.

## ८. मोकळा दिवस आणि परत

आधीचं काही हुकलं असेल तर आज. काही हुकलं नसेल तर सकाळी पुन्हा पक्षी आणि रात्री पुन्हा कासव, परतीची बस दुसऱ्या दिवशी पहाटे नसेल तर. चिखलाचे ज्वालामुखी किंवा आल्फ्रेड गुहा करा असं कोणी सुचवेल, गुहा पाकोळ्यांच्या विणीच्या काळात बंद असतात तेव्हा आधी विचारून घ्या. चिखलाचे बुडबुडे बघायला अर्धा दिवस घालवायचा का ते तुमचं तुम्ही ठरवा, मी घालवणार नाही.

बॅग भरताना मुलांचे खिसे तपासा. शंख, प्रवाळाचे तुकडे, किनाऱ्यावर सापडलेलं कासवाचं कवच, सगळं तिथेच ठेवून यायचं. प्रवाळ आणि बरेच शंख वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत आणि विमानतळावर स्कॅनरमध्ये ते स्पष्ट दिसतात. "मेलेलंच होतं" हे उत्तर तिथे चालत नाही.

परतीची बस ज्या दिवशी पोचलात त्याच दिवशी बुक केलेली असायला हवी, नसेल तर आत्ता जा, नाताळ-जानेवारीत आयत्या वेळी जागा मिळत नाही. दक्षिणेकडे जाणारा दिवसाचा शेवटचा कॉन्व्हॉय दुपारीच सुटतो, तो हुकला की रात्र बाराटांगला. म्हणून परतीच्या बसच्या दिवशी संध्याकाळचं विमान कधीच घेऊ नका. पोर्ट ब्लेअरला रात्र काढा आणि दुसऱ्या दिवशी शक्यतो दुपारचं विमान घ्या, म्हणजे सकाळी ओले बूट थोडे वाळवता येतात.